आठवी वाट

या खोऱ्यात चढ नाही, असं एकच माणूस छातीठोकपणे सांगत असे, आणि तो साधासुधा माणूस नव्हता. तो खोऱ्याचा पोस्टमन होता. एकतीस वर्षं त्याने नदीकाठच्या रस्त्यांवर सायकलवरून टपाल वाटलं होतं. निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी सगळे त्याला पोस्टमनच म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. इथला प्रत्येक खड्डा आपल्याला नावानिशी ओळखतो, असं तो म्हणायचा.

त्यामुळे ग्रंथालयाने खोऱ्यातल्या शांत सायकलवाटांची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं, तेव्हा लिहायला दुसरं कोण सापडणार? महिनाभर त्याने स्वयंपाकघरातलं टेबल अडवून सात वाटा लिहिल्या. नदी रस्त्याला अगदी खेटून कुठे वाहते, कुठल्या फाटकातला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला बोलल्याप्रमाणे करून दाखवतो, लाकडी पुलावरची तिसरी फळी का चुकवायची, सगळं बारीक अक्षरात.

"अहो, सात वाटा झाल्या," बायको हातात ताट घेऊन म्हणाली. "आता हे ठेवायला एक आठवी मिळेल का?"

ग्रंथपाल बाईंनी सातही वाटा त्याच्यासमोरच वाचून काढल्या आणि चष्मा नाकावर खाली ओढला.

"या सगळ्या खोऱ्याच्या वरच्या टोकापासून सुरू होतात."

"सुरुवात तिथूनच असते, बाई."

"आणि त्या टोकाला जायचं कसं?"

"गाडी सोडते की."

"कुठली गाडी?"

"टपालाची."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे सायकलवाल्यांनी स्वतःला पाकिटात घालून वर तिकीट चिकटवायचं?"

एकतीस वर्षं रोज सकाळी टपालाची लाल गाडी त्याला सायकलीसकट आणि पिशव्यांसकट वर नेऊन सोडायची. मग घराघरांत टपाल देत तो दुपारपर्यंत उतरत उतरत घरी पोचायचा. नोकरीत असेपर्यंत खोऱ्याचा उतार त्याने एकदाही उलट्या बाजूने पाहिला नव्हता. सायकल पळते ती आपल्या पायांच्या जोरावर, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"खाली येणारी सात पानं आहेत," बाई म्हणाल्या. "वर जाणारं एक तरी द्या. पुढच्या आठवड्यात छपाईला जायचंय."

ग्रंथालयाची पायरी उतरताना पोस्टमनचा चेहरा पडला होता. चढ आहे ही बातमी त्याला बाईंकडून कळली असं नव्हे. ती त्याला आठ महिन्यांपूर्वीच कळली होती, फक्त त्याने ती कुणाला सांगितली नव्हती.

वरच्या टोकाला, शेवटच्या घरात, हिरव्या दाराआड त्याची ताई राहायची. अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालण्यापासून याच्या थापा पकडण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. नोकरीत असताना गाडी सोडायची ती तिच्याच दारात. दिवसाचा पहिला चहा तिथे, कान तुटलेल्या निळ्या कपातून, आणि चहाबरोबर दोन-चार बोलणी. एक दिवस खाडा नाही.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो सायकलवर टांग टाकून तिच्याकडे निघाला होता. लाकूडगिरणीच्या वळणावरच त्याच्या नाकी नऊ आले. गिरणीतली माणसं बाहेर येऊन बघायच्या आत त्याने सायकल वळवली आणि घरी येऊन पंक्चर झाल्याचं सांगितलं. बायकोने अंगठ्याने टायर दाबून पाहिला. टायर दगडासारखा होता. "नाचता येईना, अंगण वाकडं," एवढंच म्हणून ती आत गेली.

बस लाकडी पुलापुढे जात नव्हती, आणि टपालाच्या गाडीत आता परक्या माणसाला बसू देत नव्हते. परका माणूस म्हणजे हा. ताईचे गुडघे तिला खाली येऊ देत नव्हते. मग दर रविवारी फोनवर तो एकेक कारण सांगत गेला. आधी थंडी, मग छप्पर, मग पाठ. ताई सगळं ऐकून घ्यायची आणि "हं" म्हणायची. त्या "हं"ची त्याला लहानपणापासून धास्ती होती.

तो ग्रंथालयातून घरी पोचतोय तोच नवी पोस्टमन बाई दारात आली. "काका, रजिस्टर पार्सल. इथे सही करा. तिथे नाही, इथे." साऱ्या खोऱ्याच्या सह्या घेतलेल्या माणसाने चुकीच्या रकान्यात सही केली.

पार्सलात कान तुटलेला निळा कप होता. सोबत चिठ्ठी: "वापरात नाही म्हणून परत पाठवते आहे. नोकरीपुरता येत होतास हे कळलं."

त्याला रडू आलं. तो उगाच कप विसळत मोरीपाशी उभा राहिला. बायकोने त्याच्या पाठीकडे पाहिलं, जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे पंक्चर मात्र खरं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कप टॉवेलात गुंडाळून, वही खिशात घालून तो निघाला.

रोपवाटिकेची मालकीण कुंपणावरून ओरडली, "पोस्टमन, आज टपाल उलटं चाललंय का?" गिरणीच्या वळणावर तो खाली उतरला, आणि या वेळी गिरणीतली माणसं खरोखरच बाहेर आली. मुकादम म्हणाला, "मागून धक्का देऊ का?" पोस्टमन नको म्हणाला, पण वळला नाही. सायकल ढकलत पुढे गेला. दर थांब्याला वहीत एकेक ओळ लिहीत गेला. गिरणी: चढ आहे. लाकडी पूल: चढ आहेच. पुलानंतरचं वळण: हा इथे कुणी आणून ठेवला?

पुलाच्या पुढे मात्र तो दम खायला थांबला आणि थांबूनच राहिला. एकतीस वर्षं त्याच्या कानांत वाऱ्याचा सूं सूं आवाज आणि ब्रेकची किरकिर असायची, आणि त्यालाच तो खोऱ्याची शांतता समजत होता. आज पहिल्यांदा त्याला पाण्याचा आवाज आला. नदी पाठमोरी पळत नव्हती. ती समोरून येत होती, दोन्ही काठांच्या हिरव्या गवतातून, जराही घाई न करता. आपण हिला नीट पाहिलंच नव्हतं, असं वाटून त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने तेही वहीत लिहिलं.

गाडीला पंचवीस मिनिटं लागायची. त्याला साडेतीन तास लागले. हिरव्या दाराबाहेर ताई शेंगा सोलत बसली होती. ती उठली नाही.

"पुलापासून बघतेय तुला. चारदा उतरलास."

"तीनदा."

"चार. नदीकडे बघत उभा होतास ते धरलं नाहीस."

तो पायरीवर बसला. बोलायला श्वास उरला नव्हता, त्यामुळे थाप मारायची सोयच नव्हती. "ताई, चढ आहे गं."

"मला सांगतोस? जन्मभर बाजारातून पिशव्या घेऊन पायी वर आले मी."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलंस? रोज सकाळी गाडीतून उतरून मलाच सांगायचास, खोरं सपाट आहे म्हणून."

त्याने टॉवेल सोडून कप पुढे केला आणि वही उघडली. "रजिस्टर आहे. सही लागेल."

ताईने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. कप घेऊन ती गुडघ्यावर हात टेकत आत गेली आणि चहा भरून बाहेर आली. कप तिने त्याच्या हातात दिला.

"एकतीस वर्षं तुला गाडी आणून सोडायची," ती म्हणाली. "आज तू आलास."

कपाला कान नव्हता आणि चहा उकळता होता. बोटं भाजली तरी त्याने कप खाली ठेवला नाही.

पुस्तिका वेळेवर छापून आली. ग्रंथपाल बाईंनी आठव्या वाटेतला एक शब्दही बदलला नाही. तिच्या शेवटच्या ओळी अशा आहेत: "वाटेचा शेवट हिरव्या दाराशी. चहा मिळेल, बोलणीही मिळतील. किती वेळा उतरलात ते खरं सांगा. तिथून सगळं दिसतं."