बायकांचा दवाखाना

मृणालिनी सबनीसला नवऱ्याचा पहिला संशय आला तो त्याच्या बनियनवरून.

लग्नाला वीस वर्षं होत आली होती. एवढ्या वर्षांत राजनने स्वतःचा रुमालसुद्धा कधी धुतला नव्हता. आणि आता तो पहाटे उठून, बाथरूमला आतून कडी लावून, नळ बारीक सोडून बनियन धूत होता. धुतलेला बनियन बाल्कनीत न टाकता गीझरच्या पाइपवर वाळत घालत होता. एकदा तो तिच्या हाती लागला. डाव्या बाजूला, छातीपाशी, तांबूस डाग होता.

"हा कसला रे डाग?"

"आमटी सांडली असेल."

"शर्टावर नाही सांडली, थेट बनियनवर?"

राजनने बूट चढवले. "मृणाल, मला उशीर होतोय. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी तो बोलला नाही. तिने डाग पुन्हा पाहिला. आतल्या बाजूने गडद, बाहेरून फिकट. लिपस्टिक म्हणावी तर आतून कशी लागेल? आणि आतूनच लागली असेल तर? तिने बनियन होता तिथे टाकला आणि हात साबणाने धुतले.

२००९ सालचे, मंदीचे ते सुरुवातीचे महिने. अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या ज्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर सबनीस राहत, तिथलं खालचं कुटुंब डिसेंबरातच निघून गेलं होतं. नोकरी गेली, व्हिसा गेला, मुलांच्या सायकली तेवढ्या आवारात राहिल्या. दुबईच्या एअरपोर्टवर लोक गाड्या टाकून पळतायत, असं जो तो सांगत होता. तेव्हा मृणालिनीला आधी वाटलं, राजनचीही नोकरी गेली असणार आणि हा रोज बॅग घेऊन कुठेतरी बसून येत असणार.

राजन मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर होता. वेल्डिंगच्या जोडात आत कुठे भेग राहिली नाही ना, हे तपासणं त्याचं काम. मृणालिनी शाळेत शिकवायची; मधल्या सुट्टीत तिने त्याच्या ऑफिसच्या नंबरवर फोन लावला. तो उचलला खतीजाने. खतीजा तिथली ॲडमिन सांभाळणारी, हैदराबादची. दिवाळीच्या पार्टीत दोघींची ओळख झाली होती.

"सर तो शॉप फ्लोअर पे हैं, भाभी. कुछ अर्जंट?"

"नहीं, नहीं. ऐसे ही."

म्हणजे नोकरी होती. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण मग बाकीच्या गोष्टींचं काय? राजन आता पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून झोपत होता. तिने सवयीने छातीवर हात टाकला की कूस बदलत होता. फोन वाजला की बाल्कनीत जाऊन दार ओढून घेत होता. एकदा दार नीट लागलं नाही आणि तिला ऐकू आलं: "नहीं, मृणाल को अभी नहीं. थर्सडे को आप साथ आइए बस."

मृणालिनी स्वयंपाकघरात गेली आणि नळ उगाचच सोडून उभी राहिली. बारावीतली आभा आत आली. "आई, आर यू ओके?"

"कांदा चिरत होते."

आभाने ओट्याकडे पाहिलं. कांदा कुठेच नव्हता. तिने नळ बंद केला आणि ती बाहेर गेली.

त्याच आठवड्यात हेमाचा फोन आला. हेमा ही तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, दुबईत करामाला राहणारी.

"मृणाल, सांगू की नको असं झालंय मला. राजन दुबईत काय करतोय गं?"

"दुबईत? तो मुसफ्फात आहे."

"नाही. मी आत्ता त्याला बघून आले. मी मॅमोग्राफीला गेले होते ना, त्या छातीच्या दवाखान्यात. तिथे सगळ्या बायकाच असतात. हा कोपऱ्यात बसलेला, मान खाली घालून. शेजारी एक बाई. डोक्याला स्कार्फ, उंच, चष्मा. ती त्याला पाणी देत होती. मला बघितलं नाही त्याने. मीच तोंड फिरवलं."

उंच, चष्मा, स्कार्फ. दिवाळीच्या पार्टीत गुलाबजाम नको म्हणणारी खतीजा मृणालिनीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. म्हणजे आजार खतीजाला. आणि असल्या आजारात सोबत म्हणून राजन. बाई अशा ठिकाणी कोणाला घेऊन जाते? भावाला नेत नाही, बापाला नेत नाही. ज्याच्यापुढे लाजायचं काही उरलेलं नसतं, त्यालाच नेते.

पुढच्या गुरुवारी राजन सकाळी म्हणाला, "आज जेबेल अलीला क्लायंट मीटिंग आहे. उशीर होईल."

"होऊ दे," ती म्हणाली.

तिने शाळेत सुट्टी टाकली. अबू धाबीहून बस पकडली, दुबईत उतरून टॅक्सी केली आणि हेमाने सांगितलेल्या दवाखान्यात जाऊन खांबाआडच्या खुर्चीत बसली. भिंती फिक्या गुलाबी होत्या. भिंतीवरच्या चित्रांत बाईच, पत्रकांवर बाईच. एक फिलिपिनो मुलगी नखं कुरतडत होती, एक म्हातारी अरब बाई माळ ओढत होती. आणि समोर, पाठ करून बसलेला राजन. त्याच्याशेजारी खतीजा. दोघांत एका खुर्चीचं अंतर होतं. दिखावा, मृणालिनीच्या मनात आलं.

तिने काय काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

आतलं दार उघडलं. नर्सने हातातल्या कागदाकडे पाहत हाक मारली, "मिसेस सबनीस!"

हे मृणालिनीचं नाव होतं. तिच्या नावावर ती बाई इथे येत होती! तिचा नवरा, तिचं नाव, सगळंच घेतलं होतं. ती अर्धवट उठलीच. पण खतीजा जागेवरून हलली नाही. नर्सने पुन्हा हाक मारली, "मिसेस सबनीस?"

राजन उभा राहिला.

"मिस्टर," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की तो त्याचाच आहे हे मृणालिनीला पटेना.

खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. नर्स गोंधळली, सॉरी सर म्हणाली. राजन शर्टाचं वरचं बटण सावरत एकटाच आत गेला आणि दार लागलं. खतीजा बाहेरच राहिली, आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागली.

मृणालिनी चालत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. खतीजाने डोळे उघडले आणि एकदम उठलीच.

"भाभी! अल्लाह का शुक्र है, आप आ गईं. मैं कब से बोल रही थी सर को."

"क्या बोल रही थीं?"

खतीजाने तिचा हात धरला. मृणालिनीने तो सोडवून घेतला नाही, पण बोटं ताठच ठेवली. खतीजा सांगत गेली. महिन्यापूर्वी मीटिंगमध्ये सरांच्या शर्टावर रक्ताचा ठिपका दिसला. सर म्हणाले, खरचटलंय. पुढच्या आठवड्यात परत दिसला, त्याच जागी. खतीजाच्या अम्मीलाही असंच झालं होतं. स्तनाग्रातून रक्त, दुखणं अजिबात नाही. दुखत नाही म्हणून अम्मीने वर्ष काढलं. "मैंने सर को जबरदस्ती भेजा, भाभी. आदमियों को भी होता है. किसी को मालूम नहीं रहता."

"और मुझे क्यों नहीं बताया?"

"ये तो सर ही बोलेंगे."

राजन बाहेर आला तेव्हा त्याला दोघी शेजारी उभ्या दिसल्या. त्याने मृणालिनीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "चल," एवढंच म्हणाला. खतीजा टॅक्सी करून निघून गेली.

करामातल्या एका उडप्याच्या हॉटेलात ते बसले. जेवणाची गर्दी होऊन गेली होती. राजनने चहा मागवला आणि ढवळत राहिला.

"रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. गाठ आहे इथे, आतून कडक. सगळंच काढावं लागेल. बाजूच्या गाठीही. मग केमो."

"पुरुषांना होतो?"

"डॉक्टर म्हणाल्या, शंभर केसेस असल्या तर त्यातला एखादा पुरुष. आपल्यालाही तो भाग असतोच, थोडासा. कधी लक्षच जात नाही."

"मला का नाही सांगितलंस? त्या बाईला सांगितलंस."

"तिला मी सांगितलं नाही. तिने पाहिलं."

"मीही पाहिलं! मला आमटी म्हणालास."

त्याने चमचा बशीत ठेवला. मग हळूहळू बोलला. ऑफिसात माणसं कमी करतायत. आजारी माणूस पहिला काढतील. नोकरी गेली की व्हिसा गेला, इन्शुरन्स गेला. म्हणून अबू धाबीत कोणी बघेल या भीतीने दुबई गाठली. मृणालिनी ऐकत होती. हे सगळं खरं होतं, पण ते कारण नव्हतं, हे तिला वीस वर्षांच्या संसाराने सांगितलं.

"राजन, खरं बोल."

त्याचे डोळे भरले. "त्यांनी मला बायकांचा गाऊन दिला, मृणाल. पुढून उघडा. त्या मशीनमध्ये बायकांसारखं धरून... तुला कसं सांगायचं होतं? माझ्या बायकोला सांगायचं की मला बायकांचा आजार झालाय?"

तिला आधी दया आली आणि लगेच मागून संताप. आठवडेच्या आठवडे ती एका बाईला शिव्या घालत होती, आणि हा माणूस तिच्या शेजारी झोपून एकटाच मरणाचा विचार करत होता. दोन्हीपैकी काय आधी बोलावं हे न कळून ती म्हणाली, "चहा गार झाला. दुसरा सांगते."

घरी आल्यावर आभाला त्याच संध्याकाळी सांगितलं. राजन लपवू म्हणत होता. मृणालिनी म्हणाली, "खलास, बास. आता या घरात कोणी काही लपवायचं नाही." आभाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इज दॅट एव्हरीथिंग? की अजून काही आहे जे तुम्ही मला नंतर सांगणार?"

अजून होतं. डॉक्टरांनी घराण्यात कोणाला होतं का, असं विचारलं होतं. राजनची कृष्णाबाई आत्या चाळिशीत गेली. छातीत पाणी झालं, असं घरात सांगत. राजनला आता आठवलं, की शेवटी शेवटी ती पदर कधी सरकू देत नसे आणि तिच्या खोलीत उदबत्त्या सतत लावलेल्या असत. वास झाकायला.

"सो व्हॉट अबाउट मी, बाबा?"

मृणालिनी म्हणाली, "बाबाच्या रक्ताची टेस्ट करणारेत. त्यात घराण्यातून येणारा दोष निघाला तर तुझी करता येईल. मोठी झालीस की तू ठरव. आम्ही ठरवणार नाही."

ऑपरेशन झालं. डाव्या छातीवर काखेपर्यंत आडवा व्रण राहिला. केमोत केस गेले, तेव्हा ऑफिसात राजनने टायफॉइड सांगितला. मृणालिनी प्रत्येक खेपेला सोबत गेली. डॉक्टर काय म्हणाल्या ते ती राजनकडून कधी ऐकत नसे, स्वतः विचारत असे, आणि तरी घरी येऊन रिपोर्ट पुन्हा वाचत असे. राजनची नोकरी टिकली. खतीजाने आपली जीभ आवरली म्हणून टिकली, की निव्वळ नशिबाने, ते कळायला मार्ग नव्हता. खतीजा घरी भेटायला आली की मृणालिनी मनापासून चहा करी. पण आपल्या आधी हिला कळलं, हा सल काही केल्या जाईना.

मग पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात रफिक उभा. कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर. चाळिशीचा, आडवा, नमाजाचे स्वच्छ कपडे घातलेला.

"साब हैं?"

"क्या काम है?" तिने दार पूर्ण उघडलं नाही. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हर कशाला येतो? पुन्हा माणसं काढली? की ऑफिसात बातमी फुटली?

"साब से ही बोलना है, भाभीजी."

"मुझे बोलो. साब सो रहे हैं."

रफिक आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग त्याने हात हळूच छातीवर ठेवला. "साब ने सेफ्टी मीटिंग में बोला था ना. बोले, मेरे को कॅन्सर हुआ था इधर. मर्दों को भी होता है, शरम में मत मरो. मेरे को भी इधर कुछ लगता है."

मागून राजन आला. त्याने रफिकला आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं. मृणालिनी राजनला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली.

"तू सगळ्या कारखान्याला सांगितलंस?"

"गेल्या रविवारी. हेल्मेट, हार्नेस, सगळं बोलून झालं. मग तोंडातून निघूनच गेलं. वेल्डर, फिटर, सगळे उभे होते. कोणी हसलं नाही."

"आणि मला आत्ता कळतंय! पुन्हा मला शेवटी?"

"तुला तर माहीतच होतं ना."

"तू सांगणार आहेस हे माहीत नव्हतं!"

"मलाही नव्हतं गं," राजन म्हणाला, आणि आजारानंतर पहिल्यांदा तो असा हसला की त्याला व्रणावर हात दाबून धरावा लागला. ती मात्र हसली नाही. तिने फोन घेतला, डॉक्टरांची वेळ ठरवली आणि बाहेर येऊन रफिकला विचारलं, "कौन सी साइड?"

रफिकची गाठ चरबीची निघाली. राजनला बायकांना देतात तीच गोळी पाच वर्षं घ्यावी लागली, आणि त्याने ती घेतली. त्याच्या रक्तात दोष निघाला होता. आभाने एकविसाव्या वर्षी स्वतःची टेस्ट करून घेतली. तिच्यातही तो आहे. ती आता शारजात नोकरी करते, दर वर्षी तपासणीला जाते आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता आईला फोन लावते.

"ऑल क्लिअर, आई."

"खरं सांगतेयस ना?"

"आई!"

"रिपोर्ट पाठव," मृणालिनी म्हणते, आणि तो येईपर्यंत फोन हातातच धरून बसते.