तिसऱ्यांदा आलेलं पेडल

एकच वस्तू तिसऱ्यांदा दुरुस्तीला आली की दुरुस्त करणाऱ्याची अब्रू पणाला लागते, आणि ती वस्तू घरच्या माणसाची असली तर मग विचारायलाच नको. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण जेवताना विषय निघतो. धाकटीने काउंटरवर ते निळं पेडल बघितलं आणि कपाळाला हात लावला. पेडल घेऊन आलेले तिचे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान, रिकाम्या पिशवीची घडी घालत समोर उभे होते.

धाकटीचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल आणि भिंतभर लोकांनी दुरुस्तीला टाकून विसरलेले अॅम्प्लिफायर. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं वायरवर चालणारं जे काही बिघडेल, ते फिरून फिरून तिच्याकडेच यायचं. तिला त्याचा थोडा तोराही होता, उगाच कशाला लपवा! म्हणून तर हे पेडल तिच्या जिव्हारी लागलं होतं.

पेडल म्हणजे काय, तर गिटारवाल्याच्या पायाशी असणारा एक डबा. गिटारचा सूर त्यात जातो, आतली चिप तो साठवून घेते आणि जराशाने परत सोडते. एक सूर छेडला की मागून तोच सूर पुन्हा, मग पुन्हा, हलका हलका होत येतो. जराशाने म्हणजे नक्की किती वेळाने, ते सांगायला डब्यावर एक स्विच असतो. गाण्याच्या ठेक्यात तो पायाने चारदा दाबायचा, की पेडल तेवढं अंतर धरून चालतं. ठेका बरोबर पडला तर ते मागून येणारे सूर गाण्यात चपखल बसतात. जरा इकडेतिकडे झालं, की सगळ्या बँडचा चिखल.

आणि भावोजींची तक्रार तीच होती. सूर कधी लवकर येतात, कधी रेंगाळतात. पहिल्या वेळी धाकटीने स्विच साफ करून दिला आणि अॅडॉप्टर बदलला. दुसऱ्या वेळी स्विचच नवीन टाकला, शिवाय चिपला वेळ मोजून देणारा क्रिस्टलही बदलला, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. दोन्ही वेळा दुकानात पेडल शहाण्यासारखं चाललं. दोन्ही वेळा भावोजींनी नेलं, आणि तालमीत पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

भावोजींना बँडमध्ये सगळे घड्याळ म्हणायचे. ठेक्याच्या बाबतीत माणूस इतका पक्का, की वाद झाला तर शेवटचा शब्द त्यांचा. कारखान्यातली नोकरी संपली, केस पिकले, पण ते नाव ते अजून छातीवर बिल्ला लावल्यासारखं मिरवत. त्याच नावापायी बँडमधून त्यांचा जुना ड्रमवाला गेला होता. एका कार्यक्रमात गाणं भर स्टेजवर कोसळलं. ड्रमवाला म्हणाला, गिटारचे सूर उशिरा येतायत. भावोजी म्हणाले, ड्रम मागे ओढतोय. आता घड्याळापुढे बाकीचे कुणाचं ऐकणार? ड्रमवाल्याने काठ्या गोळा केल्या आणि चालता झाला. इतक्या वर्षांची दोस्ती, पण कुणी त्याला थांब म्हणालं नाही. त्याच्या जागी तात्पुरता नवीन माणूस आला आणि गाणी कोसळायची ती कोसळतच राहिली. मग संशय गेला पेडलवर.

या खेपेला भावोजींनी आणखी एक सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. बँडच्या गायिकेने शनिवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर हे ताळ्यावर आलं नाही, तर बँड दुसरा गिटारवाला बघणार होता. धाकटीला हे ऐकून मनापासून राग आला, कारण बँड गेला तर या माणसाचं घरात काय होईल हे तिला माहीत होतं. खिडकीत बसून रस्ता बघणारे भावोजी तिला डोळ्यांपुढे आणवेनात.

"आज पेडल ठेवून जायचं नाही," ती म्हणाली. "इथे माझ्यासमोर वाजवायचं. मला त्याला चोरी करताना पकडायचंय."

भावोजींनी काहीबाही सबबी सांगून बघितल्या. आज गिटार नाही आणली, आज घाई आहे. पण मेहुणीने एकदा चंग बांधला की तिच्यापुढे कुणाचं चालत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. तिने भिंतीवरची गिटार काढून हातात दिली, पेडलचं खालचं झाकण उघडलं आणि स्विचच्या दोन पायांना वायरी लावून त्या टेबलावरच्या पडद्याच्या यंत्राला, ऑसिलोस्कोपला, जोडल्या. स्विच दाबला की पडद्यावर एक उभी रेघ उमटणार. नवा स्विचही कधी कधी सदोष निघतो, एका दाबात दोनदा लागतो, तसं असेल तर रेघ दुहेरी दिसणार. तिची पैज होती की आज ती दुहेरी रेघ सापडणार.

तिने आधी स्वतः पायाने ठेका दिला. रेघा कुंपणाच्या खांबांसारख्या सारख्या अंतरावर उभ्या राहिल्या. मग भावोजींनी दिला. रेघा एकेरीच, अगदी स्वच्छ, पण अंतरं पार विस्कटलेली. दोन नीट, तिसरी रेंगाळलेली, चौथी घाईघाईने तिला चिकटलेली. धाकटीने पेडलखाली रबराची चटई घातली. मग स्टूल बदललं. मग चप्पल काढायला लावली. दर वेळी तेच. तिचा पाय लागला की खांब सरळ, त्यांचा लागला की विस्कटलेले.

हे कळायला तिला वेळ लागला, कारण तिला ते कळून घ्यायचं नव्हतं. चप्पल काढताना तिने पाहिलं होतं. उजव्या चपलेचा पुढचा भाग झिजून कागदासारखा झाला होता, डावी जशीच्या तशी. ताई गेले कित्येक महिने कुरकुरत होती की हे हल्ली एक पाय घासत चालतात, फरशीवर रेघोट्या उठतात. त्यावर या दोघी बहिणी पोट धरून हसल्या होत्या. आळस चढलाय म्हणाल्या होत्या.

"भावोजी, डाव्या पायाने द्या बघू," ती म्हणाली.

डाव्या पायाच्या रेघा सरळ आल्या. एक न् एक.

धाकटीने पडद्याचा प्रकाश उगाचच कमीजास्त केला. खोटं तिच्या जिभेवर तयार होतं. चिप खराब झालीय, बाहेरून मागवावी लागेल, तोवर स्विच बंद करून फिरवायच्या बटणाने वेळ लावून देते. भावोजींचं नाव राहिलं असतं, तिची लाज राहिली असती, शनिवार निभावला असता. आणि हा माणूस तसाच पाय घासत राहिला असता. तिने सोल्डरिंग गन हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली.

"राहू दे," भावोजीच म्हणाले. "तुला काही सापडणार नाही. मी घरी भिंतीवरच्या घड्याळाबरोबर ठेका धरून बघितलाय. तुझी ताई बाजारात गेली की रोज बघतो."

धाकटीने गन टेबलावर ठेवली.

"मग हे तीन-तीनदा का आणलंत?"

"तुझ्याकडे असलं की बिघाड त्यात आहे असं वाटतं गं."

धाकटीला रडू आलं आणि संतापही आला. स्वतःच्या नावाला जपता जपता माणूस किती पोरका होतो, अन् घरातली माणसं भांड्यांचा आवाज करत शेजारच्या खोलीत असतात! ती उठली, त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि त्यांना सरळ विचारलं की पायासारखं हातालाही काही होतंय का. हाताचं अजून काही नाही, म्हणाले. त्या 'अजून'वर तिने पडद्याचं यंत्र बंद केलं.

मग मात्र तिने ऐकून घेतलं नाही. तिथूनच ताईला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. ताईने एवढंच विचारलं, की ते जेवलेत का. तासाभरात तिचा उलट फोन आला. मेंदूच्या डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ मिळाली होती.

भावोजी मान खाली घालून बसले होते. चोरी पकडली गेली की पोरं बसतात तसे. धाकटीला वाटलं, आता निदान या माणसाच्या हातात काहीतरी द्यायला हवं. ती म्हणाली, या पेडलला बाहेरून वेगळा स्विच जोडायची सोय आहे. छोट्या डबीत बसवून देते, डाव्या पायाशी ठेवा. एवढं तर माझ्या हातात आहे. तिने वायरचं भेंडोळं काढलं, कात्री घेतली.

"केवढी कापू?"

भावोजी भेंडोळ्याकडे बघत राहिले. डाव्या पायापर्यंत हातभर वायर पुष्कळ होती.

"ड्रमपर्यंत पोचेल एवढी," ते म्हणाले.

धाकटीने कात्री बाजूला ठेवली आणि सगळंच भेंडोळं उलगडायला घेतलं.

तो जुना ड्रमवाला दिवसा सोफ्यांना कापड चढवायचं काम करायचा. संध्याकाळी धाकटीने गाडी त्याच्या वर्कशॉपच्या दाराशी लावली, तेव्हा तो एका उघड्याबोडक्या सोफ्यापुढे गुडघे टेकून बसला होता. भावोजी हातात स्विचची डबी आणि खांद्यावर वायर घेऊन आत गेले. उजवी चप्पल घासली जात होती आणि त्यांनी ती लपवायचा प्रयत्न केला नाही. धाकटी दारातच थांबली. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. डबी सोफ्यावर ठेवून म्हणाले, "त्या दिवशी तू बरोबर होतास. माझा पाय गेलाय. ठेका आता तू दे, मी तुझ्या मागून वाजवीन."

ड्रमवाल्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. त्याच्याकडे बोलायला पुष्कळ होतं, आणि बोलला असता तर त्याचं काही चुकलं नसतं. त्याने डबी उचलली, जमिनीवर ठेवली आणि बुटाच्या टोकाने स्विच चारदा दाबला. सवयीने. वायर कुठेच जोडलेली नव्हती, तरी भावोजींनी कान देऊन ऐकलं.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"उद्या सकाळी."

"गाडी मी आणतो," ड्रमवाला म्हणाला. त्याने पुन्हा सोफ्याचं कापड ताणून धरलं आणि मान वर न करता पुढे म्हणाला, "वेळेवर तयार राहा, घड्याळ्या."

भावोजी हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी कापडाचं दुसरं टोक धरलं.