मुकादमाच्या दारचा उकिरडा

नोटीस वाचायच्या आधी यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. समोर कोणी मामलेदार नव्हता. सासूबाई होत्या, आणि त्या कोपरापर्यंत हात शेणात घालून अंगणात गोवऱ्या थापत होत्या.

“नगरपालिका हद्दीतील सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की,” यांनी सुरुवात केली.

“कोनाले सांगी ऱ्हायना तू?” सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

“तुले.”

“मंग पहिले माय म्हन.”

मी दारात उभी राहून पदराआड हसले. हे हसले नाहीत. गळ्यात लटकवलेली शिट्टी, खाकी कोट, हातात गुलाबी कागद अशा अवस्थेत ते कधीच हसत नसत. आमच्या गावाला नगरपालिका होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कचऱ्याचे नियम मात्र सन एकसष्टच्या त्या दिवाळीच्या तोंडावर आले, आणि ते घरोघर पोचवायचं काम सफाई मुकादम म्हणून यांच्याकडे आलं. “माय,” हे म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

घरातला केर नाक्यावरच्या पिंपात टाकावा. चुलीची राख पूर्ण थंड झाल्यावरच टाकावी. काच, पत्रा, खापर, चिंध्या वेगळ्या ठेवाव्यात. शेण, पालापाचोळा, कपाशीच्या पऱ्हाट्या अंगणात साठवू नयेत, बुधवारी आणि शनिवारी येणाऱ्या बैलगाडीत द्याव्यात. गावाबाहेर नाल्यापलीकडे खड्डे खणले आहेत, तिथे त्याचं खत होईल. आणि शेवटचं कलम, ज्याच्यासाठी टोपी सारखी केली होती, ते असं की हद्दीतले सगळे उकिरडे धनत्रयोदशीच्या आत हलवावेत. न हलवल्यास खटला होईल.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हातातली गोवरी थापून तिच्यावर पाच बोटं उमटवली. “राख थंडी करसू. चिंध्या येगळ्या ठेवसू,” त्या म्हणाल्या. “उकिरडा पाडवाले लई जाय. दिवा लावसू, त्याले सांगसू, मंग लई जाय.”

धनत्रयोदशीपासून पाडवा तीन दिवस पुढे. फक्त तीन दिवस. हे आज लिहिताना माझाच हात थांबतो.

हा उकिरडा साधा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. सासूबाईंची, म्हणजे दगूबाईंची, चार मुलं एका पाठोपाठ गेली होती. कुणी पाच दिवसांचं, कुणी वर्षाचं. पाचवं झालं तेव्हा त्यांनी आमच्याकडे करतात तसं केलं. बाराव्या दिवशी बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि पाठ फिरवली. आईनंच टाकून दिलेला कचरा कोण कशाला नेईल, असा त्यातला हिशेब. मग गावची झाडूवाली भिकुबाई, तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची पोर होती, तिनं ठरल्याप्रमाणे ते बाळ ‘सापडलं’ म्हणून उचललं. सासूबाईंनी सूपभर बाजरी देऊन तिच्याकडून ते विकत घेतलं. उकिरड्यावरचा म्हणून त्याचं नाव उखा. तो जगला. तेव्हापासून दर पाडव्याला सासूबाई त्या उकिरड्यावर पणती लावत, आणि काय बोलायचं ते हळूच बोलत.

मी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लिहायला हरकत नसावी. वाचायलाच मुळी मी यांच्या नोटिसांवरून शिकले. संध्याकाळी भाकरी थापता थापता ‘कळविण्यात येते’ आणि ‘तजवीज करावी’ असं घोकत. घरात यांना उखा म्हणणारी एकच बाई होती, यांची आई. बाहेर सगळे मुकादम म्हणत. भिकुबाई आता यांच्याच हाताखाली झाडत होती. ती ‘उखाभाऊ’ म्हणायची, पण कामावर नाही.

नियमांचं गावानं काय केलं ते पाहण्यासारखं होतं. नाक्यावर काळं रंगवलेलं नवंकोरं पिंप आलं, तर शेजारच्या तापीबाईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. नवी वस्तू आली की तिला ओवाळायचं, एवढंच तिला माहीत. दोन दिवस त्यात कचरा टाकायला कोणी धजेना. मग एकानं त्याला म्हैस बांधली. हे सायकलवरून दारोदार जाऊन न रागावता पुन्हा पुन्हा सांगायचे. नाल्यापलीकडे खड्ड्यांजवळ माणसं जमवून तर असे रंगात यायचे की मला ते लग्नातही तसे दिसले नव्हते. एक थर पालापाचोळा, एक थर शेण, वर पाणी, वर माती. सहा महिन्यांत सगळं एकजीव होतं, कोणाचं कोणतं ते ओळखू येत नाही. हे वाक्य ते फार अभिमानानं म्हणायचे.

पण गावाचं लक्ष आमच्या अंगणाकडे होतं. हिंमतराव हे वॉर्डाचे मेंबर, त्यांच्या दारचा उकिरडा आमच्यापेक्षा चौपट. यांनी त्यांना नोटीस दिली तेव्हा चावडीसमोर चार माणसं बसलेली होती. हिंमतरावांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, “मुकादम, तुन्ही मायना उकिरडा गावनी हद्दमा येस का नई?”

माणसं हसली. घरी येऊन हातपाय धुतले ते किती वेळ धूतच राहिले. मग फळीवरची दौत काढून अर्ज लिहायला बसले. मी खांद्यावरून वाचला: मुकादमाच्या घरचा उकिरडा हलविण्यास तीन दिवसांची मुदत मिळावी. सही केली, थोडा वेळ तो अर्ज पाहिला आणि फाडला. तुकडे मात्र चुलीत न घालता केराच्या टोपलीत टाकले. नियम.

आईला ते काहीच बोलले नाहीत. मी म्हणाले, तुम्हीच एकदा समजावून सांगा. ते म्हणाले, “काय सांगू? जे सांगानं शे ते कागदवर शे.”

आता माझं सांगते. मला तो उकिरडा नको होता. स्वयंपाकाच्या खिडकीतून आधी तो दिसायचा, मग आभाळ. माशा भाकरीवर बसायच्या. आमच्या धाकट्या मुलीचे डोळे पावसाळाभर चिकटत होते. त्या कोपऱ्यात सदाफुली लावायची, मोगऱ्याचा एक वेल चढवायचा, असं मी लग्न होऊन आल्यापासून मनात धरून होते. त्यात ‘मुकादमाची बायको’ हा ताठा. हे सगळं मी तेव्हा यांच्या अब्रूच्या नावाखाली घातलं.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी सासूबाईंना ब्राह्मणपुरीहून भावाचा निरोप आला. दोधूमामांच्या घरी सुनेला मुलगा झाला होता. त्या एका रात्रीसाठी गेल्या. जाताना मला सांगून गेल्या की पाडव्यासाठी पणती कुंभाराकडून आणून ठेव, मागच्या वर्षीची वापरू नको.

दुसऱ्या दिवशी बुधवार. गाडी आली. हे सकाळीच दुसऱ्या टोकाला गेले होते. मी भिकुबाईला हाक मारली आणि सांगितलं, हा उकिरडा आज काढायचा आहे.

ती फावडं टेकून उभी राहिली. “उखाभाऊले ठाऊक शे ना, वहिनी?”

“त्यास्नीच सांगेल शे,” मी म्हणाले.

एवढं एकच वाक्य. मला ते बोलायला जरासुद्धा जड गेलं नाही.

तीन खेपा झाल्या. वरचा थर ओला, त्याखाली पऱ्हाट्यांचा, आणि मग खाली काळंभोर, मऊ, लोण्यासारखं खत. सकाळच्या थंडीत त्यातून वाफा निघत होत्या, जणू आत कोणी निजलेलं होतं. आणि त्या काळ्या थरांत पणत्या. एकीखाली एक, काही फुटक्या, काही धड, वातीची जागा काळी पडलेल्या. जसजसं खणावं तसतशा जुन्या. भिकुबाईनं त्या पदरात गोळा केल्या आणि मला विचारलं, “ह्या कोठे टाकू?”

नोटिशीत होतं: काच, पत्रा, खापर वेगळं. मी म्हणाले, खापरात टाक.

मी जागा सारवली, वर रांगोळी काढली. खरंच छान दिसत होतं. दुपारी हे आले, सायकल भिंतीला लावली आणि तिथेच थांबले. “कोनी काढा?” म्हणाले. मी सांगितलं. तुमच्या नावानं काढला, हेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रांगोळीला पाय लागू नये म्हणून कडेनं घरात गेले.

संध्याकाळी सासूबाई बैलगाडीतून उतरल्या. दोधूमामांनी दिलेला केळीचा घड खांद्यावर होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. तसाच घेऊन कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि उभ्या राहिल्या. मी पाणी घेऊन पुढे झाले तर त्यांना मी दिसलेच नाही. हे पडवीत आले.

“हाई तुनी सांगं का?” सासूबाईंनी विचारलं.

माझ्या हातात तांब्या होता. मी आता बोलेन, आता बोलेन असं मला वाटत होतं. यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“हा,” हे म्हणाले. “मीच सांगं.”

सासूबाईंनी केळीचा घड हळूच जमिनीवर टेकवला. “तीन दिनच व्हतात ना, मुकादम,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

पाडव्याला त्यांनी नवी पणती घेतली, तेलाची वाटी घेतली आणि चालायला लागल्या. नाला ओलांडून खड्ड्यांकडे. हे सायकल हातात धरून मागे, त्यांच्या मागे मी. ऊन उतरत होतं. नऊ खड्डे एका रांगेत, प्रत्येकावर मातीचा लेप, यांनी स्वतः थापून घेतलेला. सासूबाई पहिल्यापाशी थांबल्या. मग दुसऱ्यापाशी.

“कोनता?” त्यांनी विचारलं.

यांना प्रत्येक गाडी कुठे रिकामी झाली ते पाठ असे. पण आमच्या तीन खेपा तीन खड्ड्यांत पसरल्या होत्या. वर साऱ्या गावाचा पाला, साऱ्या गावाचं शेण पडलं होतं. “माय,” हे म्हणाले, आणि जे वाक्य ते एवढ्या अभिमानानं म्हणायचे ते त्यांना पुरं करता आलं नाही. “आख्खं मिसळी गयं.”

तिथेच पलीकडे भिकुबाईची झोपडी. आम्हाला पाहून ती बाहेर आली आणि लांबच उभी राहिली. आमच्या घरून तिला काही द्यायचं तर ते जमिनीवर ठेवून दिलं जाई. सूपभर बाजरीसुद्धा तशीच दिली असणार. सासूबाई चालत तिच्यापर्यंत गेल्या आणि पणती पेटवून तिच्या हातात दिली. बोटाला बोट लागलं.

“तुनी उचलेल व्हता त्याले,” त्या म्हणाल्या. “दिवा बी तूच ठेव.”

भिकुबाईनं ती मधल्या खड्ड्यावर ठेवली. वारा होता. हे खाली बसले आणि दिवा विझू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा करून राहिले. सासूबाई यांची वाट न पाहता परत फिरल्या.

त्यानंतर त्या साडेपाच वर्षं जगल्या. भांडल्या नाहीत, जेवण सोडलं नाही. राख थंड करून टाकली, चिंध्या वेगळ्या ठेवल्या, बुधवार-शनिवार चुकवला नाही. दर पाडव्याला दिवा घेऊन खड्ड्यांवर जात. पण यांना पुन्हा नावानं हाक मारली नाही. ‘मुकादम, जेवाले बठा.’ ‘मुकादमले सांग, मन्हं औषध सरनं.’ तापीबाईनं एकदा न राहवून विचारलं, पोराला उखा का म्हणत नाही? सासूबाई म्हणाल्या, “नाव उकिरडानं व्हतं. ते बी गाडीमा गयं.”

हे पलीकडे सायकलची साखळी बसवत होते. त्यांनी ती पुन्हा उतरवली आणि पुन्हा बसवली.

त्यांना खरं सांगायचं मी कितीदा ठरवलं. एकदा पाय चेपताना सुरुवातही केली. म्हटलं, “आत्याबाई, तो उकिरडा...” त्या म्हणाल्या, दुसरा पाय चेप. मी दुसरा पाय चेपला. यांनाही म्हटलं, मी सांगून टाकते. हे म्हणाले, आता तुझ्यावर रुसायला तिच्याजवळ किती दिवस आहेत? राहू दे.

हिंमतरावांचा उकिरडा पुढे चांगली दोन वर्षं तिथेच होता. कागदावर त्याला खतसाठा म्हणायचे. आमच्या कोपऱ्यात सदाफुली इतकी माजली की लोक रोप मागून नेत. जमीन कसदार होती ना.

सासूबाई सदुसष्टच्या उन्हाळ्यात गेल्या. त्या वर्षीच्या पाडव्याला हे कामावरून आले आणि कोट न काढताच खड्ड्यांकडे जायला सायकल काढू लागले. मी नवी पणती आणली होती. ती मी सदाफुलीच्या बुडाशी ठेवली, पेटवली. काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. त्यांनी मला कधी ऐकू दिलं नव्हतं. सहा वर्षांत या घरात जे नाव कोणी घेतलं नव्हतं, ते मी घेतलं.

“उखा,” मी म्हणाले. हळूच.

ते वळले. माझ्याकडे नाही. पडवीतल्या सासूबाईंच्या रिकाम्या बाजेकडे. आणि त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.