आठ दिवस आधीचा डावखुरा

उद्या डावखुऱ्याशी होणाऱ्या लढतीत दादाच जिंकणार, हे धाकट्या बहिणीला वहीत मांडून दाखवायचं होतं. दोघे आजवर एकमेकांशी लढले नव्हते, पण पाच बॉक्सर दोघांकडूनही हरले होते. तिने दोन रकाने आखले आणि चाटच पडली. पाचही जणांना दोघांनी त्याच राउंडमध्ये, त्याच ठोशाने लोळवलं होतं!

"नकलाकार मेला!" ती फणकारली.

"आधी तारखा बघ, शहाणे," वजनकाटा पुसता पुसता मास्तर म्हणाले.

डावखुऱ्याची प्रत्येक लढत दादाच्या बरोबर आठ दिवस आधी झाली होती, आणि दादाने तर त्याला कधी पाहिलंही नव्हतं. तिने डावखुऱ्याची शेवटची लढत शोधली. उद्या तिला बरोबर आठ दिवस होणार होते. दुसऱ्या राउंडमध्ये डावखुऱ्याच्याच हनुवटीवर ठोसा बसला, आणि तो उठलाच नाही.

"दादा, उद्या उतरू नकोस रे."

"चल, भित्री भागूबाई!"

तेवढ्यात डावखुरा वजन द्यायला आत आला. त्याची हनुवटी काळीनिळी पडली होती. तो वजनकाट्यावर उभा राहिला, पण सुई शून्यावरून हललीच नाही.

"बिघडलं वाटतं धूड," मास्तरांनी काट्याला चापट मारली. "तू चढ बघू."

दादा हसत चढला. सुई त्रेसष्टवर गेली, थबकली आणि सावकाश मागे सरकू लागली. बहिणीने त्याला दोन्ही हातांनी खाली खेचलं.

तो उशीइतका हलका लागला.