डिस्कवरचं कुंकू

कॉम्प्युटरच्या ज्या पेटीत आजीचे सगळे धवले, म्हणजे तिने गायलेली लग्नातली गाणी, साठवली, तिची दसऱ्याला पूजा करायची नाही तर कशाची करायची? मनुबाईचं म्हणणं बिनतोड होतं, आणि नातू चिराग आजीच्या शब्दाबाहेर नव्हता. एरवी कंपनीत नेटवर्क सांभाळणाऱ्या या पठ्ठ्याने अक्कल गहाण टाकून पेटीतल्या चारही डिस्क बाहेर काढल्या. आजीने त्यांना ओलं कुंकू लावलं, फुलं वाहिली. परत बसवताना वरची खाली, खालची वर झाली. पेटीने स्क्रीनवर काहीतरी विचारलं, चिरागने जिलबी खाता खाता 'हो' दाबलं. झालं! पेटी कोरी.

मनुबाई ठाण्याच्या खाडीकाठची नावाजलेली धवलारीण. तिच्या कोळीवाड्यात धवल्यांशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय कालवण. पण गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा गाता गळा गेला. आता घरातच, चिरागच्या बहिणीचं, दक्षताचं लग्न निघालं होतं आणि आजीचा आवाज उरला होता तो फक्त त्या पेटीत.

"माज्याच कुकवानं बिगरला रे," मनुबाई कुजबुजायची. ते ऐकून चिरागला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी पेटी आणि आजी दोघींना रिक्षात घालून तो नौपाड्यात ऋजुता आगाशेकडे गेला. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती परत काढून देणं हा तिचा धंदा. तिने आधी चारही डिस्कच्या नकला काढल्या आणि मग बोलायला लागली.

"गाणी आहेत हो अजून. पण प्रत्येक गाण्याचे तुकडे चारही डिस्कवर वाटलेत. कुठली डिस्क कुठल्या खणात होती, ती नोंद तुमच्या त्या 'हो'ने पुसली. क्रम चुकला की नुसती खरखर ऐकू येणार."

बोलता बोलता ती थांबली. डिस्कवर कुंकवाची बोटं अजून तशीच उमटलेली होती, पूजेचं कुंकू कोण पुसणार?

"आजी, कुंकवात बोट दर वेळी बुडवलंत?"

"एकदाच. चार डब्यांना कितीक कुकू घालू?"

"आणि चिराग, तू डिस्क कशा काढल्यास?"

"वरून खाली. एकेक काढून आजीच्या हातात देत गेलेलो."

ऋजुताने डिस्क टेबलावर मांडल्या. एकीवर भडक बोट, मग फिकट, मग त्याहून फिकट, शेवटच्या डिस्कवर पुसटसा ठिपका. त्याच क्रमाने तिने नकला जोडल्या, थोडी खटपट केली आणि खोलीभर मनुबाईचा खणखणीत आवाज घुमला.

"कोन गो ही?" मनुबाईने विचारलं. "बरी गाते!" ऋजुता हसत सुटली. चिराग मात्र लाज सोडून रडला, आणि आजीचा हात त्याने किती तरी वेळ सोडला नाही.

दक्षताच्या हळदीला मांडवात स्पीकर लागला. आजीच्या आवाजामागून बायका एकेक ओळ उचलू लागल्या. ऐन रंगात आलेला धवला मध्येच तुटला आणि स्पीकरमधली मनुबाई ओरडली, "चिराग, पंका बंद कर रे मेल्या!"

मांडव हसून लोळला. पण बायका थांबल्या नाहीत. पुढची ओळ हळदीने माखलेल्या दक्षताने उचलली आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हटली. मनुबाईने हाताने ताल धरला आणि चिरागला खूण केली, मशीन बंद कर.

त्याने मशीन बंद केलं आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं.