सौंसरचा मालक

पांढुर्ण्याच्या बाजारात दिलीपभाऊंचं फवारणी पंपाच्या दुरुस्तीचं दुकान होतं. पाठीवर बांधायचे बॅटरीचे पंप, संत्र्याच्या उंच झाडांना लांब नळीनं मारायचे इंजिनाचे पंप, जे येईल ते भाऊ दुरुस्त करत. पंप सुरू करून मान जराशी वाकडी करायची, आवाज ऐकायचा आणि खोलायच्या आधीच सांगायचं की बिघाड कुठे आहे. आसपासच्या गावांत या कानाची ख्याती होती, आणि भाऊंनाही तिचा कमी तोरा नव्हता.

पण त्याच ख्यातीनं दुकान एका जागी खिळवून ठेवलं होतं. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "भाऊ आहेत काय?" नसले की पंप पुन्हा गाडीला बांधून माघारी. आत गजेंद्र बसलेला असायचा. मिसरूड फुटायच्या वयात तो भाऊंच्या हाताखाली आला होता आणि आता त्याची कामातली सफाई भाऊंच्या तोडीची होती. तरी लोक त्याच्या हातात पंप द्यायला कचरत. काउंटरवर बसणाऱ्या उषावहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, हे रोज बघत आणि मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहत.

ऐन उन्हाळ्यात, फवारणीचा हंगाम यायच्या आधी, गजेंद्र एक दिवस दुपारच्या चहाला थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, मी सौंसरले दुकान टाकून राहिलो. माय एकटी हाय तिकडं. रोजचं जानं-येनं आता होत नाई."

भाऊंच्या हातातला पाना तसाच राहिला. "म्हनजे माह्याच हाताखाली शिकून माह्याच समोर उभा राहाशीन?"

"समोर नाई भाऊ. तिकडं."

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. शेजारच्या दुकानदारानं "पोसलं ते चावलंच शेवटी" असं म्हणून आगीत तेल ओतलं. घरी उषावहिनींनी ताट झाकून ठेवलं आणि समोर येऊन बसल्या.

"तो जानार हाय ना? मंग आपलं नाव घेऊन जाऊ द्या ना त्याले."

"म्हनजे?"

"सौंसरचं दुकान आपलंच. पाटी एक, सामान एक. नफा अर्धा-अर्धा. सौंसरले दुरुस्त केलेला पंप पांढुर्ण्यात बिघडला तर आपन फुकट करून देऊ, आन् पांढुर्ण्याचा तिकडं बिघडला तर तो करून देईन. लोकायले दोन गावांत एक दुकान भेटन. तुमी किती पुरसान एकटे?"

भाऊंनी झाकलेलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आन् तिकडं मालक कोन?"

"तिकडं तोच. त्याचं त्याले ठरवू द्या. नाई तर तो कशाले थांबन?"

ही शेवटची अट भाऊंच्या घशाखाली उतरायला सगळ्यात जड गेली. पण उतरली. गजेंद्रला बोलावून भाऊंनी सगळं सांगितलं तेव्हा तो आधी बघतच राहिला, मग वाकून पाया पडला. अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर सौंसरला पाटी लागली.

भाऊंनी शब्द दिला होता, पण जीव राहवत नव्हता. दर सोमवारी ते मोटारसायकल काढून सौंसरला जात. ते दिसले की गिऱ्हाईक गजेंद्रच्या समोरून उठून त्यांच्याभोवती जमे. भाऊही रंगात येत. हा पंप बघ, तो खोल, हे असं नाही तसं. भाऊ गेल्यावर उरलेला आठवडा लोक म्हणत, "सोमवारीच येतो मंग, मोठे भाऊ येतात तवा."

जुलैत एका सोमवारी गजेंद्रनं त्यांना चहाच्या निमित्तानं दुकानाबाहेर नेलं. "भाऊ, राग मानू नका. तुमी येत नका जाऊ."

भाऊंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुमी आले की मी पुन्हा तुमचा पोऱ्या होतो. लोकायचा भरोसा बसायचा असन तर तो माह्यावरच बसला पायजे. तुमीच तर म्हटलं होतं, इथं तू मालक."

भाऊंनी गाडीला किक मारली आणि निघाले. चहा तसाच राहिला. वाटभर त्यांना रागच आला होता, आणि रागाच्या तळाशी एक गोष्ट टोचत होती, की पोरगं खरं बोललं. पुढचे सोमवार ते पांढुर्ण्यातच राहिले.

कपाशीवर फवारणीची धांदल सुरू झाली तेव्हा लोधीखेड्याचा गुणवंता नावाचा शेतकरी पांढुर्ण्याला मुलीकडे आला. गाडीला त्याचा पंप बांधलेला होता. "तुमच्या सौंसरच्या दुकानात केला होता. आठ दिस नाई झाले, गळून राहिला," असं म्हणत त्यानं सदरा वर केला. पाठीवर लालभडक चट्टा उठला होता. टाकीतलं औषध झिरपून अंगावर उतरलं होतं.

भाऊंनी आधी त्याला घरात नेऊन साबणानं पाठ धुवायला लावली, स्वतःचा सदरा दिला आणि मुलीसोबत दवाखान्यात पाठवलं. मग पंप खोलायला बसले. खरं सांगायचं तर त्या घडीला त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटत होतं. सापडेल आता गजेंद्रची चूक. पण पंप उघडला तर काम चोख होतं. एकेक नट हवा तेवढाच आवळलेला. बिघडला होता तो टाकीखालचा रबराचा वायसर. औषधानं फुगून पावासारखा मऊ झाला होता.

भाऊंनी तो बोटात फिरवला आणि त्यांचं तोंड उतरलं. दोन्ही दुकानांची खरेदी त्यांच्याकडे होती. हा माल त्यांनीच नागपूरच्या एका नव्या व्यापाऱ्याकडून घेतला होता, तपासल्याशिवाय, बोलण्यावर विश्वास ठेवून.

त्यांनी लगेच फोन लावला. "गजेंद्र, चूक माही हाय. वायसर खराब निघाले. तुह्याकडं किती पंपात बसले?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग गजेंद्र म्हणाला, "लय बसले भाऊ. माह्याकडून फवारणीच्या आधी लोकायनं पंप नीट करून नेले ना."

"मी म्हनतो, येईन त्याले गुपचूप बदलून द्यायचा. बोभाटा झाला तर दोन्हीकडचं नाव जाईन."

"नाई भाऊ. येईपर्यंत कोनाच्या तरी पाठीवर औषध उतरन. आपनच जाऊ. शनिवार हाय उद्या. जामसावळीच्या हनुमानाले सगळ्या गावचे लोक येतात. तिथं बसू. पंप आना म्हनून आज गावागावात निरोप देतो."

"देवाच्या दारात सगळ्यायसमोर सांगाचं, का आमचा माल खराब?"

"हो. सौंसरकडचं ठरवायचं माह्याकडं हाय. मी ठरवलं."

भाऊंनी फोन ठेवला. उषावहिनी बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी जुन्या, खात्रीच्या व्यापाऱ्याला फोन लावला, आणि संध्याकाळच्या गाडीनं चांगल्या वायसरची पेटी पांढुर्ण्यात आली.

शनिवारी सकाळी भाऊ जामसावळीला पोचले तेव्हा हनुमानाच्या दर्शनाची रांग लांबवर गेली होती. नारळ-फुलांच्या दुकानांच्या पलीकडे गजेंद्रनं ताडपत्री अंथरली होती. सौंसरच्या दुकानात त्याच्या हाताखाली शिकणारी करुणा पाने-पकडी मांडून बसली होती. गजेंद्रनं भाड्यानं आणलेला भोंगा तोंडाशी धरला.

"सौंसर आन् पांढुर्ण्याच्या आमच्या दुकानात ज्यायनं पंप दुरुस्त केला, त्यायनं ऐका! आमी टाकलेला वायसर खराब निघाला. पंप गळू शकते. आत्ताच बदलून घ्या, पैसे लागनार नाई. घरी पंप असन तर वायसर बदलेपर्यंत वापरू नका. आमी गावात येऊ!"

भाऊंच्या कानशिलांना घाम फुटला. आता लोक हसतील, शिव्या घालतील, असं त्यांना वाटलं. एकदोघांनी घातल्याही. गजेंद्रनं ऐकून घेतल्या, हात जोडले आणि त्यांचेच पंप आधी घेतले. बघता बघता ताडपत्रीसमोर पंपांची रांग लागली. भाऊ खाली बसले, आणि गजेंद्र सरकवेल तो पंप खोलू लागले.

दुपारकडे एक म्हातारा शेतकरी त्यांच्यासमोर पंप ठेवून उकिडवा बसला. भाऊंना तो ओळखत नव्हता. त्यांचे काळे झालेले हात बघत म्हणाला, "बाबा, नीट आवळजो. आन् तुहा मालक कोनता हाय? त्याले सांगाचं हाय मले, की असा दुकानदार मी पाह्यला नाई बाप्पा. सोताहून सांगून राहिला का माल खराब हाय."

भाऊंनी मान वर केली. भोंगा बाजूला ठेवून गजेंद्र एका पोरसवदा शेतकऱ्याला तोंडाला रुमाल कसा बांधायचा ते दाखवत होता. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, आवाज बसलेला, आणि भोवती माणसंच माणसं.

"तो पाह्य तिकडं," भाऊ म्हणाले. "तो आमचा मालक. सौंसरचा."

म्हातारा उठून तिकडे गेला. भाऊंनी पुढचा पंप ओढला. आपल्या हातानं हजारो पंप सुरू झाले असतील, पण इतका ऊर कधी भरून आला होता, ते त्यांना आठवेना.

पुढचे काही दिवस दोन्ही दुकानांची माणसं गावोगाव फिरली. गुणवंताच्या दवाखान्याचा खर्च दुकानानं केला आणि त्याची पाठ बरी झाली. खरेदी उषावहिनींनी स्वतःकडे घेतली आणि एक नेम घालून दिला. नवा माल आला की त्यातले नग आधी औषधाच्या पाण्यात भिजत ठेवायचे, मगच बाकीचे दुकानात. भाऊंनी निमूट ऐकलं. त्या नागपूरच्या व्यापाऱ्याला त्यांनी फोनवर काय काय सुनावलं, ते मात्र इथे सांगण्यासारखं नाही.

संत्र्याचा हंगाम आला तेव्हा सौंसरच्या दुकानात बसायला जागा पुरेना. लोधीखेड्याची माणसं म्हणू लागली, आमच्या गावात का नाही बसत? दिवाळीनंतर एका सकाळी गजेंद्र पांढुर्ण्याला आला. भाऊंच्या समोरच्या स्टुलावर बसला आणि आज त्यानं मान खाली घातली नव्हती.

"लोधीखेड्याले दुकान टाकून राहिलो भाऊ, आपल्याच नावानं. करुणा सांभाळन. तिच्याच घराजवळ जागा पाह्यली."

भाऊंच्या तोंडावर आलं होतं, पोरगी एकटी सांभाळेल काय? पण मग त्यांना जामसावळीच्या ताडपत्रीवर वर मान न करता पंपामागून पंप हातावेगळे करणारी करुणा दिसली.

"आन् तिथं कोनाचं चालन?" त्यांनी विचारलं.

"तिचं. मीबी लय जानार नाई."

भाऊ हसले. उषावहिनींना त्यांनी हाक मारली, "ऐकलं काय? पेढे आनाले पाठव कोनाले तरी. त्या शेजारच्यालेबी दे, आन् सांग, आपलं तिसरं दुकान निघून राहिलं."