अमावस्येपर्यंतचा तारा

गोजाला बार्शीच्या शाळेतला नोकरीचा कागद आला, आणि त्याच आठवड्यात ती जेवणं उरकली की नवऱ्याला घेऊन माळवदावर जायला लागली. मायाक्काच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. आठवडाभर मावशीकडं राहीन, शनिवारी घरी येईन, असं सून गोड बोलत होती. पण भवानी पेठेतल्या अशा शनिवारी येणाऱ्या सुना मायाक्कानं लई बघितल्या होत्या. आधी सून जाते, मग मागनं लेक गाठोडं घेऊन जातो. आणि बिरप्पा तिचा एकुलता एक.

तिसऱ्या दिवशी ती गुडघे धरत, पायाचा आवाज न करता जिना चढली. दोघं कुजबुजतच होती. पण माना वर.

"कसलं खलबत चाललंय?"

"आत्या, नवीन तारा आलाय. बघा की," गोजानं उत्तरेकडं बोट केलं.

मायाक्काला हसू आलं. तिचं अख्खं लहानपण मेंढरांमागं, उघड्यावर गेलेलं. बाप तारे बघून राखणीच्या पाळ्या लावायचा. आभाळ तिला आपल्या फडताळासारखं पाठ. तिला ही शाळेतली पोरगी तारा दाखवणार! तिनं पदरानं डोळे पुसून वर बघितलं.

होता. जिथं कधीच काही नसायचं तिथं, चांगला ठळक.

"कुठनं आला?" तिनं विचारलं.

"आमचे शास्त्राचे मास्तर सांगतात, तितं दोन तारे हायत, एकमेकांभोवती फिरणारे. एक बारका, पण लई ओढीचा. दुसऱ्याच्या अंगचं ओढून घेतो. साठत जातं, आणि एक दिवस भडका उडतो."

मायाक्काचे डोळे बारीक झाले. "बारका म्हंजे मी का?"

बिरप्पाला ठसका लागला.

"ताऱ्याचं सांगतेय, आत्या. अमावस्येपर्यंत विझंल बघा."

"विझला तर तुझा शब्द खरा धरीन. जा बार्शीला. न्हाय विझला तर त्या कागदावर चूल पेटवीन."

मग मायाक्का रोज वर. पैज लागल्यापासून चौथ्या दिवशी तारा फिका वाटला, तर तिनं आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला. शेजारच्या केराबाईला वर आणलं आणि काही न सांगता विचारलं, "तितं काय दिसतंय?" केराबाई म्हणाली, "बारीक चांदणी हाय की." तरी मायाक्काचा विश्वास बसेना.

अमावस्येला आभाळ धुतल्यासारखं होतं. आजूबाजूचे सगळे तारे तिनं एकेक करून तपासले. सगळे जागच्या जागी. तेवढा एक नव्हता.

"गेला," ती म्हणाली.

गोजानं गप बसायला काय हरकत होती? पण न्हाय. "गेला न्हाय, आत्या. हायत तितंच दोघं. आपल्याला दिसत न्हाय एवढंच."

"दिसत न्हाय तरी हाय, हे देवाचं चालतंय. सुनंचं न्हाय चालायचं. शनिवारी दिवेलागणीला उंबऱ्यात दिसली पाहिजेस."

सोमवारी मायाक्का स्वतः एस.टी. स्टँडवर गेली. खिडकीतून गोजाच्या मांडीवर तिनं स्वतः कातलेल्या लोकरीचं घोंगडं टाकलं. आणि गाडी फाटकाबाहेर पडेस्तोवर बिरप्पाचा दंड सोडला नाही.